कातड्याखालचं काळवीट

कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. ओंकार,


तुझा व्हिडिओ दाखवण्याआधी तुझ्या आईने मला दम दिला, "बाबा, पोराला लागेल असं काही लिहू नका." मी काय लिहिणार? माझी सगळी नोकरी जिवंत जनावरं टोचण्यात आणि मेलेली उघडण्यात गेली. केरव्हिलजवळच्या त्या रानात तुझ्या मित्राच्या वडिलांनी काळवीट पाडलं, तू मागचे पाय धरलेस, मग सुरी तुझ्या हातात आली आणि दोन मिनिटांत हिरवा चोथा तुझ्या बुटांवर आला. तुम्ही पोरं हसलात. मीही हसलो. नवशिक्याची पहिली सुरी कोटीपोटातच जाते, मग रान टेक्सासचं असो की नगरचं.

पत्त्यात तू अजून अहमदनगर लिहितोस. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडी नुसतं नगर. पोस्टमनला सगळं चालतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. हेच काम मी कसं केलं असतं, आणि इथे एवढी काळविटं असताना मी कधी खाल्लं का. दुसऱ्याचं उत्तर, नाही. पहिल्याला मात्र पत्र लागेल.

तू ज्याला हात लावलास ते मुळात आपल्याकडचंच जनावर. १९३२ च्या सुमारास ते टेक्सासच्या एडवर्ड्‌स पठारावर नेऊन सोडलं. कोरडं, खडकाळ, मोकळं रान. त्याला मानवलं, आणि आज तिथल्या खासगी रानांत ती हजारोंनी आहेत. इथे आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला त्याच्यासाठी १९८० साली अभयारण्य झालं. क्षेत्र किती, तर २.१७ चौरस किलोमीटर. तुझ्या मित्राच्या घरचं रान याहून मोठं असलं तर मला नवल वाटणार नाही. एवढ्याशा जागेत काळवीट मावत नाही, ते रात्री बाहेर शेतांत येतं, ज्वारी खातं, हरभरा खातं, आणि शेतकरी शिव्या घालतो. शिव्या घालण्याचा त्याला हक्क आहे असं माझं मत आहे.

तुमच्याकडे हे जनावर परदेशी धरतात, म्हणून पांढऱ्या शेपटीच्या हरणाला असतो तसा शिकारीचा ठरलेला हंगाम त्याला नाही. परवाना काढायचा, रानमालकाची परवानगी घ्यायची, झालं. इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. मारलं तर किमान तीन वर्षं, कमाल सात. आणि ते नुसतं जिवंतपणीच सरकारचं नाही; मेल्यावरही सरकारची मालमत्ता. ट्रकने उडवलेलं काळवीट कुणी उचलून घरी नेलं, त्याचं नुसतं शिंग काढून घेतलं, तरी गुन्हाच. माझ्या वडिलांच्या वयाची, लहानपणी खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. चव सांगताना ती आधी इकडेतिकडे बघायची.

त्यामुळे खाण्यासाठी काळवीट उघडणं माझ्या वाट्याला आलंच नाही. वनरक्षकाचा निरोप यायचा, "डॉक्टरसाहेब, अमुक गटात मादी मरून पडलीय," की मी पेटी घेऊन निघायचो. ते मेलं कशाने, हे सांगण्यासाठी मी उघडायचो. सुरीची वाट बरीचशी तुझ्याच वाटेने जाते. फरक इतकाच की तुम्ही मांसाकडे जायच्या घाईत असता, आणि वाटेत जे दिसतं ते बघत नाही. व्हिडिओत मला खटकलं असेल तर तेवढंच. शिकार केलीत म्हणून मी नाराज नाही. आख्खं जनावर समोर उघडं पडलं होतं आणि चौघांपैकी एकानेही त्याच्या फुफ्फुसाकडे मान वळवून पाहिलं नाही, म्हणून आहे.

आता कामाचं सांगतो.

सगळ्यात आधी, उघडायचं की नाही ते ठरव. हे पहिलं आणि ह्यात चूक चालत नाही. तू गोळी घातलेलं, डोळ्यांदेखत धावत असलेलं जनावर असेल तर प्रश्न नाही. पण रानात आपोआप मरून पडलेलं दिसलं, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न साकळलेलं रक्त आलंय, पोट ढमढम फुगलंय आणि तरीही पाय नीट आखडलेले नाहीत, तर सुरी बाहेर काढायची नाही. आमच्याकडे ह्याला फाशी म्हणतात, माणसाला झाली की काळपुळी. तुम्ही अँथ्रॅक्स म्हणता. असं जनावर उघडलं की आतल्या जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि त्या जागेच्या मातीत दशकानुदशकं पडून राहतात. अशा वेळी मी फक्त कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. ही काही फक्त आपल्या गरीब देशाची गोष्ट नव्हे. केरव्हिलच्या नैर्ऋत्येला युव्हाल्डी आहे ना, त्या बाजूच्या रानांत उन्हाळ्यात हरणं फाशीने मरतात. २०१९ साली तिथे मोठी साथ होती. तेव्हा मित्राला सांग, मरून पडलेल्याच्या शिंगांचा मोह धरू नये.

उघडायचं ठरलं की मी जनावर डाव्या कुशीवर घालायचो. रवंथ करणाऱ्यांचं कोटीपोट डाव्या अंगाला असतं. ते खाली गेलं की वर बाकीचं पोट मोकळं राहतं. तुम्ही उताणं ठेवता, ते खाण्यासाठी ठीक आहे, फक्त दोघांनी पाय धरायला हवेत. मग हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत मधोमध कातड्यावर एक रेघ. सुरीचं पातं वर, पाठ मांसाकडे, दोन बोटं कातड्याखाली घालून त्यांच्यामधून पातं पुढे सरकवायचं. म्हणजे केस कापले जात नाहीत आणि पोटाच्या पडद्याला टोक लागत नाही. डोळ्यांपुढे काळविटाला जी फटीसारखी ग्रंथी असते, आणि खुरांच्या मध्ये असतात, त्यांना हात लागला तर हात धू, सुरी बदल. तो वास मांसाला लागतो.

आणि इथे थांब. कातडं एका बाजूला उलटवलं की आत जायच्या आधी ते कातडं आतून बघ. आयुष्यभरात मला जेवढं कळलं त्यातलं अर्धंअधिक तिथे कळलं.

एक प्रसंग लिहितो. चैत्रातलं ऊन, अभयारण्याला लागून असलेल्या एका वस्तीवर बांधाच्या कडेला नर काळवीट मेलेलं. मी पोचलो तेव्हा पन्नासएक माणसं जमलेली आणि लिंबाखाली दोन पारध्यांची पोरं बसवून ठेवलेली. त्यांच्या पालातून कुणीतरी फास उचलून आणला होता आणि तो पुरावा म्हणून हातोहात फिरत होता. काळविटाच्या मानेवर दोरीचा वळही होता. अगदी स्पष्ट. लोकांच्या दृष्टीने निकाल लागलेला होता, माझी फक्त सही बाकी होती.

मी मानेवरचं कातडं सोडवलं. खाली स्वच्छ, फिकट, ओलसर. रक्ताचा टिपूस नाही. जिवंत जनावराच्या मानेला फास बसला, ते धडपडलं, तर वळाखाली रक्त साकळलेलं सापडतंच. हृदय चालू असल्याशिवाय रक्त कातड्याखाली पसरत नाही. मेल्यावर कितीही करकचून दोरी बांधा, वर वळ उठेल, खाली काही नाही. मग मागच्या मांड्यांवरचं कातडं काढलं. वरून केसांत दोन-चार बारीक भोकं दिसत होती, कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. खाली अख्खी मांडी काळीनिळी, गुठळ्या, दातांच्या जोड्याच्या जोड्या. कुशीवर तेच. मांडीचे स्नायू कापून पाहिले तर त्यांत उकडल्यासारखे पांढुरके पट्टे. मूत्राशयात काढ्याच्या रंगाची लघवी. म्हणजे कुत्र्यांनी धरलं, सुटलं, मैलोगणती पळवलं गेलं, आणि पळून पळून त्याचे स्नायूच आतल्या आत मोडले. त्यांचा रंग लघवीत उतरला. ह्याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. हरिण जखमेने मरत नाही, पळण्याने मरतं, कधी कधी काही तासांनी, सगळं शांत झाल्यावर.

"मग दोरीचा वळ?" एकाने विचारलं. मी म्हटलं, तो मेल्यावरचा. थोड्या वेळाने एका म्हाताऱ्याने हळूच कबूल केलं की पहाटे हरभऱ्यात पडलेलं दिसलं, आपल्यावर बालंट नको म्हणून त्यानेच दोरी लावून बांधापर्यंत ओढलं होतं. दोन्ही पोरं संध्याकाळी सुटली. त्यांना कुणी सॉरी म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांत पारधीही सापडले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. कर्जत-श्रीगोंद्याच्या वस्त्यांवरून तो पुसला गेल्याचं मला अजून दिसायचं आहे. पारध्यांना फास येतो, त्यांच्या आज्या-पणज्यांनी त्याच्यावर पोटं भरली, हे खरं. म्हणून प्रत्येक मेलेलं काळवीट त्यांचं, हे खरं नाही. माझ्या टेबलावर आलेल्यांपैकी बहुतेक कुत्र्यांनी, कठडा नसलेल्या विहिरींनी आणि नगर-सोलापूर रस्त्याने मारलेली होती. विहिरीतलं ओळखायला सोपं, श्वासनळी कापली की फेस दिसतो.

तुझ्यासाठी ह्यात घेण्यासारखं हे. तुमच्या गोळीचं भोक वरून बोटाएवढं असतं. कातडं उलटव, खाली रक्त किती पसरलंय ते बघ. त्यावरून कळेल की ते जागीच पडलं की तडफडत राहिलं. गोळी शिशाची असेल तर त्या सगळ्या भागातलं मांस काढून टाक. शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण वीतभर लांब गेलेले असतात. कॅलिफोर्नियाने शिकारीला शिशाची गोळी २०१९ पासून बंद केली ती कशापायी, तर टाकून दिलेली आतडी खाऊन कॉन्डोर गिधाडं मरत होती. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅक टोचलेल्या मेल्या गुरांनी संपवली. ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झालं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि जनावर गोळी खाऊन लांबवर पळालं असेल, तर त्याच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. मांस गडद, चिकट, कोरडं होतं आणि लवकर बिघडतं. हे शिजवताना नाही, सोलतानाच कळतं.

पोट उघडण्याचं मी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पण खरी सुरी शिकलो ती आमच्या गावच्या मुलाण्याकडे. कॉलेज परळला, १८८६ सालचं, मोठमोठे प्रोफेसर. पण तिथे टेबल होतं, नळ होता, दिवा होता. जत्रेत कंदुरीचा बोकड लिंबाच्या फांदीला टांगून, खाली राख पसरून, चार घागरी पाण्यात सगळं नेटकं करायचं हे त्यालाच यायचं. हलाल केल्यावर रक्त पूर्ण निथळेपर्यंत तो बोकडाला हात लावायचा नाही. मग मागच्या पायाच्या गुडघ्याजवळ एक बारीक चीर द्यायचा आणि तोंडाने हवा फुंकायचा. हवा कातड्याखाली पसरत जायची आणि बोकड टम्म फुगायचा. मग मुठीने दाबत गेलं की कातडं मोजा काढावा तसं उतरायचं, एकही काप नाही. तोंडाने फुंकू नये, ह्यात आरोग्याच्या दृष्टीने सगळं वाईट आहे. तू सायकलचा पंप वापर.

त्याचं पोटातलं काम असं. आधी गुदद्वाराभोवती गोल सुरी फिरवून आतड्याचं टोक बाहेर ओढायचं आणि सुतळीने बांधायचं. मग वर गळ्याशी श्वासनळीच्या मागची अन्ननलिका मोकळी करायची, तिलाही सुतळी. दोन्ही टोकं बंद झाली की आतला चोथा बाहेर येऊच शकत नाही. मगच पोटाला हात. तुम्ही नेमकी ही सुतळी विसरलात. मूत्राशय भरलेलं असेल तर दोन बोटांनी तोंड चिमटून धरायचं. सगळ्यात शेवटी पित्त. तुम्ही तिकडे पांढऱ्या शेपटीचं हरिण सोलता तेव्हा पित्ताची भीती नसते, कारण हरिणकुळात बहुतेकांना पित्ताशयच नसतं. आमच्या चितळ-सांबरांनाही नाही. काळवीट मात्र खरं हरिणच नव्हे. ते गाय-बोकडाच्या कुळातलं, म्हणून त्याची शिंगं गळत नाहीत आणि चितळाची दरसाल गळतात. बोकडाच्या कलेजीवर हिरवी पिशवी असते. काळवीट उघडताना बोकडच समज. पिशवी फुटली तर कलेजी टाकून द्यायची आणि मुलाण्याच्या शिव्या खायच्या.

पोट रिकामं झालं की छातीच्या पडद्याला सुरीचं टोक लाव. फुस्स आवाज करून हवा आत गेली तर छाती आतून निरोगी होती. मग बघायला लाग. फुफ्फुस गुलाबी, हलकं, दाबलं की चुरचुरणारं असलं पाहिजे. कठीण, यकृतासारखं जड लागलं तर न्यूमोनिया. कलेजीच्या कडा धारदार हव्यात. गोलावलेल्या असतील, नळ्या जाड पांढऱ्या असतील तर आत चपटे कृमी. यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेला फोड दिसला तर त्याला टोचू नकोस, आणि मित्राच्या कुत्र्याला तो अवयव मुळीच घालू नकोस. तो एका फीतकृमीचा फोड असतो. कुत्र्याच्या पोटात जाऊन त्याचे कृमी होतात आणि कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात अंडी येतात. जत्रेत फेकलेल्या फुफ्फुसांवर गावची कुत्री तुटून पडायची तेव्हा मी ओरडायचो. लोक म्हणायचे, डॉक्टर मुक्या जिवाला खाऊ देत नाही. तुमच्याकडच्या हरणांत आणखी एक आजार आहे, झिजवून मारणारा, मेंदूतल्या प्रथिनाचा. टेक्सासमध्ये तो २०१२ साली पहिल्यांदा सापडला. तो हरिणकुळाचा आजार आहे, काळवीट त्यात येत नाही. पण पांढऱ्या शेपटीचं हरिण कापशील तेव्हा मेंदू, कणा, प्लीहा ह्यांना सुरी लावू नकोस.

कोटीपोट मी शेवटी उघडायचो, बाजूला नेऊन. तुझ्या बुटांवर जे आलं ते त्या जनावराचं शेवटचं जेवण होतं. आमच्याकडे त्यात काय नसायचं! उन्हाळ्यात वेड्या बाभळीच्या शेंगा, पावसाळ्यात गवत, रब्बीत ज्वारीचे तुकडे आणि हरभऱ्याचे घाटे. शेतमालकाने किती नुकसान सांगितलं आणि पोटात किती निघालं, ह्याचा ताळा मी मनात मांडायचो, अहवालात नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या हल्ली निघतात. औषधाचा उग्र वास आला तर फवारलेलं शेत. गुरांच्या पोटात कोवळी, वाळून गेलेली ज्वारी आणि रक्त लालभडक दिसलं तर सायनाइड; शेतकरी किराळ लागली म्हणतात, आणि ते अचूक असतात.

मग नमुने. पेटीत तीन तऱ्हेच्या बरण्या असायच्या आणि त्यांची अदलाबदल झाली की सगळं वाया. पेशी बघायच्या असतील तर तुकडा फॉर्मालिनमध्ये. विष शोधायचं असेल तर पोट आणि यकृत मिठाच्या पूर्ण मुरलेल्या पाण्यात. आणि हे काळवीटच आहे की शेळी, असा वाद कोर्टात जाणार असेल तर स्पिरिटमध्ये. फॉर्मालिनमध्ये डीएनए खराब होतो. हैदराबादच्या सीसीएमबीत मांसाच्या नखाएवढ्या तुकड्यावरून जनावराची जात सांगतात. शिजवलेल्या रश्श्यातला तुकडा असला तरी बहुधा चालतो. ढाब्यावरचं "स्पेशल मटण" अशाने पकडलं जातं.

अहवाल लिहिताना हात जड व्हायचा, कारण तो दहा-वीस वर्षांनीही वाचला जातो. जोधपूरजवळच्या कांकाणीचं सलमान खानचं प्रकरण तुला माहीत असेल. काळविटं मेली १९९८ साली, खालच्या कोर्टाचा निकाल लागला ५ एप्रिल २०१८ ला, पाच वर्षं शिक्षा. त्यात दोन शवविच्छेदनं झाली होती आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नव्हते. पहिल्यात गोळीचं नाव नव्हतं, नंतरच्या मंडळाने गोळी सांगितली. एवढी वर्षं वकील त्याच दोन कागदांवर भांडले. मी नव्या डॉक्टरांना सांगायचो, जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांगा.

त्यानंतर जे व्हायचं ते तुला विचित्र वाटेल. पस्तीस-चाळीस किलोंचं ताजं जनावर, वरचेवर दुष्काळ पडणारा तालुका, आणि आम्ही ते जाळायचो. पंच बोलवायचे, लांबी-उंची, शिंगांचा पीळ, सगळं मोजायचं, फोटो, सह्या. मग सरपण रचून शिंगं, खूर, कातड्यासकट राख होईपर्यंत वनपाल तिथे उभा. शिंगं जळायला वेळ लागतो. एकदा एक ओळखीचे गुरुजी मोठ्या अदबीने येऊन म्हणाले, मुंज आहे घरी, बटूच्या जानव्याला बांधायला कातड्याचा बोटभर तुकडा मिळाला असता. शास्त्राने सांगितलेलं आहे, हे त्यांचं बरोबर होतं. कलमानेही सांगितलेलं आहे, असं मी म्हटलं. ते रागावले नाहीत, पण मुंजीचं आमंत्रण काही आलं नाही. लाकडांचं बिल मंजूर व्हायला मात्र महिने जायचे.

मला विचारशील तर त्या जाळण्यात काही चूक नाही. पुरावा विकला जाऊ नये, आणि मेलेल्याला किंमत आली की जिवंत मरतं. पण तुमच्या पद्धतीतलं एक मला आवडलं, ते म्हणजे वाटे. व्हिडिओच्या शेवटी तुम्ही चार घरांचे चार वाटे केलेत, ज्याने पाय धरले त्यालाही दिलात. हे आमच्या कंदुरीसारखंच. मुलाण्याला मुंडी, मानकऱ्याला ठरलेला भाग, आणि वजडी धुवायला बसलेल्या बायकांना सगळ्यांत आधी. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या वेळी पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटं धरवत, तेव्हा चित्त्याचाही वाटा ठरलेला असे. त्याला तो मिळाल्याशिवाय तो धरलेली मान सोडत नसे. चित्ते इथून १९५२ पर्यंत संपले, २०२२ ला आफ्रिकेतून कुनोत आणले. ती फार मोठी गोष्ट आहे, कधी भेटीत बोलू.

वाटे करण्याआधी गार करणं मात्र तुम्ही विसरलात. जनावर मेल्यावरही आतली उष्णता अडतीस-एकोणचाळीस अंशांवरून हळूहळू उतरते आणि सगळ्यात उशिरा उतरते ती मांडीच्या हाडाजवळ. तिथूनच मांस आंबतं. टेक्सासचा नोव्हेंबर आमच्या फाल्गुनासारखा असतो असं तूच लिहिलंस. मग छातीत, पोटात बर्फाच्या पिशव्या भर, फासळ्या काठीने ताणून ठेव, सावलीत टांग, मांस पाण्याने धूत बसू नकोस. सांडलेला चोथा सुरीने कापून काढ. पुसलास तर पसरवशील. एका थैलीत हातभर सुतळी, दोन सुऱ्या (एक कातड्याची, एक आतली), हातमोजे आणि कापडाची फडकी एवढं ठेव. कुऱ्हाड लागत नाही. सांध्यात सुरी कुठे घालायची हे कळलं तर मांडी एका बोटाने निखळते.

तू माझी जुनी सुरी मागितलीस, शिसवी मुठीची. ती मिळणार नाही. एक तर विमानात हातात धरून आणता येणार नाही असं तुझी आई म्हणते, आणि दुसरं म्हणजे ती मी मागच्याच महिन्यात इथे नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंना दिली. सांगलीकडच्या आहेत, हात चांगला आहे. गेल्या आठवड्यात रेहेकुरीच्या बाजूला एक मादी विहिरीत पडली होती, तेव्हा फोन करून विचारत होत्या की गर्भाचं वय कसं काढायचं. अर्धा तास बोलत होतो. तुझ्या आजीने तेवढ्यात दोनदा जेवायला हाक मारली.

कळावे,
तुझे आजोबा

ता. क. फुफ्फुसाचा रंग कळवशील तेव्हा फोटो उजेडात काढ. मोबाईलच्या दिव्यात सगळीच फुफ्फुसं न्यूमोनियाची दिसतात.